तुळशीदास पालव घर बघतात

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं जुनी माणसं सांगून गेली. त्यातलं लग्न तुळशीदास पालवांनी करून पाहिलं. घर मात्र ते नुसतंच पाहत राहिले. अंधेरी, बोरिवली, भांडुप, मुलुंड, जिथे म्हणून घर विकायला होतं तिथे ते जाऊन आले होते. त्या भागातल्या निम्म्या एजंटांच्या मोबाईलमध्ये त्यांचा नंबर होता, तोही फोन कुणाचा आहे हे आधी कळावं आणि उचलावा लागू नये म्हणून.

या सगळ्या घरांत त्यांची बायको जयाही जाऊन आली होती. रविवारी इतर बायका नाटकाला जायच्या, माहेरी जायच्या. जया इस्त्रीचा ड्रेस घालून परक्या लोकांची मोरी आणि संडास बघायला जायची. लोक बिचारे चहा द्यायचे. चहा पिऊन होईपर्यंत तुळशीदास पिशवीतून त्यांची आयुधं काढायचे: एक टॉर्च, एक काचेची गोटी, एक जुनं जाड नाणं. गोटी जमिनीवर ठेवून ती कुठे घरंगळते ते बघायचं. नाण्याने लाद्या वाजवायच्या, पोकळ आवाज आला की मान हलवायची. सगळे नळ एकदम सोडायचे. पलंगाखाली वाकून भिंतीच्या कोपऱ्यात टॉर्च मारायचा. एकदा तर त्यांनी सांताक्रूझला एका म्हाताऱ्याला पलंगावरून उठवलं होतं, मागची भिंत ओली आहे का बघायला. तो म्हातारा आजारी होता. जयाला त्या दिवशी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

बरं, कारणं खोटी काढत असते तर भांडता तरी आलं असतं. पण माणूस खरं बोलायचा. अंधेरीच्या घराच्या डोक्यावरून विमानं जायची. बोरिवलीच्या सोसायटीत सेक्रेटरी आणि खजिनदार एकमेकांशी बोलत नव्हते. भांडुपला तळमजल्याच्या भिंतीवर रंगाखालून पाण्याची रेघ दिसत होती, म्हणजे तिथे पाणी भरत होतं. सगळं खरं. आणि असल्याच विमानांखाली, असल्याच सेक्रेटरींच्या हाताखाली मुंबईची निम्मी माणसं संसार करून, पोरांची लग्नं लावून मोकळी झाली होती, हेही तितकंच खरं होतं.

साकीनाक्याला एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात ते तपासणीच्या टेबलावर होते. येणारा प्रत्येक नग उचलायचा, गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही तर लाल डब्यात. आयुष्यभर हेच केलं. त्यांनी पास केलेला माल परत आला असं कधी झालं नाही, आणि याचा त्यांना फार अभिमान होता. जयाला कधीकधी वाटायचं, या माणसाने मलाही टॉर्च मारूनच पास केलं असेल.

पण ती हे सगळं इतकी वर्षं सोसत होती त्यालाही कारण होतं. तुळशीदासांचे वडील लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर जे काही हातात आलं ते त्यांनी साकीनाक्याच्या डोंगरावर एका खोलीत घातलं. माणूस ओळखीचा, बोलायला गोड, कागदावर शिक्के भरपूर. वर्ष झालं नाही तोच तोडायला गाडी आली. जागा तिसऱ्याचीच निघाली. शाळेतून आलेल्या तुळशीदासांनी बघितलं ते रस्त्यावर ट्रंकेवर बसलेले वडील. ते कुणाला शिव्या देत नव्हते, रडत नव्हते. एवढंच म्हणत होते, "नीट बघूक व्हया होता रे. नीट बघूक व्हया होता."

त्यानंतर वडील भाड्याच्याच घरात राहिले आणि तिथेच वारले. आणि दुधाने तोंड पोळलेला त्यांचा मुलगा ताक फुंकत बसला. ताक आंबून गेलं तरी त्याचं फुंकणं काही थांबलं नाही.

सध्या हे दोघं आणि मुलगी श्रुतिका घाटकोपरला भटवाडीत भाड्याने राहत होते. दर अकरा महिन्यांनी करार. घरमालकाची एकच अट मोठी कडक होती: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्याच्या आधीच्या मालकाचीही तीच अट होती, त्याच्या आधीच्याचीही. त्यामुळे सासऱ्यांचा मोठा फ्रेम केलेला फोटो जयाच्या एका जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर पडलेला असायचा. पितृपक्षात तो उतरवायचा, गव्हाच्या डब्याला टेकवून उभा करायचा, हार घालायचा आणि परत गुंडाळायचा. आपल्या घरात आपल्या भिंतीवर एक खिळा ठोकता यावा, इतकंच जयाला हवं होतं. बाल्कनी नको, बगीचा नको, एक खिळा. ती पतपेढीत कॅशियर होती. दोघांच्या पगारावर कर्ज मंजूर होऊन पडलं होतं. अडलं होतं ते फक्त तुळशीदासांच्या 'पास'साठी.

आणि यंदा घरमालकाने सांगितलं, मुलाचं लग्न ठरलंय, मे महिन्यात जागा मोकळी करा.

मग मुलुंडचं घर आलं. मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्यात, दुसरा मजला. घर दाखवायला हितेश नावाचा एजंट होता. तुळशीदासांना तो बऱ्याच वर्षांपासून ओळखत असल्याने दारातच म्हणाला, "पालवसाहेब, आज गोटी आणलीय ना?" घर अनुपमाताईंचं. निवृत्त शिक्षिका, नवरा गेलेला, आता नाशिकला मुलीकडे कायमच्या चालल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा माफीच मागितली. "भिंतींकडे बघू नका हं. आमच्या ह्यांना फोटोंची फार हौस. जिथे तिथे खिळे."

जयाने भिंतीकडे बघितलं. खरंच, सगळीकडे खिळे. कुठे कॅलेंडर, कुठे देव, कुठे कुणाच्या मुंजीचा फोटो. ती स्वयंपाकघरात गेली, खिडकी उघडली. खाली गल्लीच्या तोंडाशी एक कोळीण पाटी मांडून बसली होती, दोन बायका बोंबलांचा भाव करत होत्या, आणि समोरच्या खिडकीतली बाई जयाकडे बघून उगाच हसली. जयाचं घर बघून झालं. एका चहात झालं. जिथे मासेवाली बिनधास्त बसते आणि अनोळखी बाई हसते तिथे राहायला हरकत नाही, एवढं तिला कळत होतं, आणि त्यासाठी टॉर्च लागत नव्हता.

आत तुळशीदास लाद्या वाजवत होते.

गोटी जागची हलली नाही. नळांना पाणी धो धो. भिंती कोरड्या. तुळशीदास बाहेर आले ते अस्वस्थ होऊनच. दोष सापडला नाही की त्यांना झोप लागत नसे. "काहीतरी असणारच," ते रस्त्यात म्हणाले. "एवढं चांगलं घर बाई उगाच विकत नाही."

"अहो, त्या सांगतायत ना, मुलीकडे चालल्यात."

"सांगायला काय जातंय!"

मग ते दुसऱ्यांदा गेले, सकाळी, पाण्याच्या वेळेला. तिसऱ्यांदा भर दुपारी, जया सोबत नसताना. गच्चीवर चढून टाकीत डोकावले. इस्त्रीवाल्याला विचारलं, इथे लोक टिकतात का. वॉचमनला विचारलं, पगार वेळेवर मिळतो का. गटाराच्या कडेला उभं राहून वास घेतला. सोसायटीच्या फळ्यावरची प्रत्येक नोटीस वाचली. अनुपमाताईंच्या शेजाऱ्यांना विचारलं, ह्यांचे यजमान कशाने गेले. हितेशने जयाला फोन केला. "ताई, फ्लॅट घ्यायचाय की त्याचं पोस्टमॉर्टम करायचंय? बाजूवाले विचारतात, हा माणूस कोण, पोलिसातला आहे का?"

जयाने अनुपमाताईंची माफी मागायला फोन केला. त्या हसल्या. "असू दे गं. काळजी घेणारा माणूस आहे. मला घर तुम्हालाच द्यायचंय. फक्त लवकर कळवा, मुलगी मागे लागलीय."

आणि चौथ्या खेपेला, बसस्टॉपवर उभं असताना, तुळशीदास एकदम म्हणाले, "पास."

जयाला आधी कळलंच नाही. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत हा शब्द तिने घराबद्दल पहिल्यांदा ऐकला होता. तिने तिथेच श्रुतिकाला फोन लावला. "बाबांनी पास केलं!" पोरगी तिकडून इतकी ओरडली की बाजूच्या माणसाने वळून बघितलं.

"आता फक्त कौल," तुळशीदास म्हणाले.

गावच्या रवळनाथाचा कौल घेतल्याशिवाय पालवांकडे मोठं काम होत नाही. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. देवाबद्दल जयाची काही तक्रार नव्हती. तीही कणकवलीकडचीच होती, तिचंही लग्न कौल घेऊनच ठरलं होतं. पण मे महिना देवाला माहीत असेल, घरमालकाला देव माहीत नव्हता.

तुळशीदासांनी गावी चुलतभावाला, नंदूला, फोन लावला. फोन उचलताच नंदू म्हणाला, "दादानू, मी तुमकाच फोन करी होतंय. आबा गेलो."

आबा म्हणजे भावकीतले थोरले काका. नव्वदी पार केलेले. गेले ते सुटले, पण सगळ्या पालवांना सुतक लागलं. सुतकात देवाला काही विचारता येत नाही. "सुतक फिटल्याशिवाय कौल लावता येवचो नाय," नंदू म्हणाला. "तेरावो होव दे, मगे बघूया."

"आपण टोकन देऊन ठेवू," जया म्हणाली. "कौल मग लावू. देव काय नाही म्हणणार आहे?"

"टोकन दिल्यावर देवाला विचारायचं? म्हणजे जेवून उठल्यावर भूक आहे का विचारण्यासारखं झालं."

"आणि तोवर घर गेलं तर?"

"जात नाही. बाई आपल्यालाच देणार म्हणालीय ना?"

जयाने खूप समजावलं. मग भांडली. मग गप्प बसली, आणि तिचं गप्प बसणं म्हणजे पटलं असं तुळशीदासांनी नेहमीप्रमाणे धरून चाललं. खरं म्हणजे चेकबुक तिच्याच पर्समध्ये होतं. खातं दोघांच्या नावावर होतं, तिची एकटीची सही चालली असती. पुढे कितीतरी दिवस तिला राग येत राहिला तो नवऱ्याचा कमी आणि आपल्या त्या पर्सचा जास्त.

इकडे साकीनाक्याला रोज जेवणाच्या सुट्टीत तुळशीदास डबा उघडायचे आणि मुलुंडचं घर उघडायचे. हा त्यांचा जुना शौक. नापास घरांचे दोष ते चवीने सांगायचे. यावेळी पहिल्यांदाच गुण सांगत होते. पाणी असं, हवा अशी, सोसायटीचे कागद चोख, वॉचमन सात वर्षं तोच, स्टेशनला चालत जाता येतं. टेबलावरची मंडळी ऐकत. त्यांच्या हाताखाली नवीन लागलेला देवेश नावाचा मुलगा जरा जास्तच लक्ष देऊन ऐकायचा. त्याचंही लग्न होऊन वर्ष होत आलं होतं आणि तोही घर शोधत होता. "मग काका, कधी घेताय?" त्याने विचारलं.

"कसलं घेतोय बाबा," तुळशीदास ताक पीत म्हणाले. "देवाकडे अडलंय. आमचं काही खरं नाही."

हे ते सवयीने बोलले. 'आमचं काही खरं नाही' हे कोकणी माणूस लॉटरी लागली तरी म्हणतो. पण देवेश होता विदर्भातला, त्याला ते खरं वाटलं.

पुढच्या सोमवारी देवेश पेढे घेऊन आला. तुळशीदासांच्या पाया पडला. "काका, सगळं तुमच्यामुळे. काल मुलुंडच्या त्या घरी गेलो आणि टोकन देऊनच आलो. त्या मॅडमची मुलगी नाशिकहून आली होती, म्हणाली आजच्या आज कुणी टोकन देत असेल तर सांगा. मला वाटलं तुम्ही सोडलंय. मी तर धड बघितलंही नाही. म्हटलं, पालवकाकांनी पास केलंय, मी काय वेगळं बघणार!"

तुळशीदास पेढा कागदात बांधून घरी घेऊन आले. जयाच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. एक शब्दही लपवला नाही. जयाने पेढ्याकडे बघितलं. आधी वाटलं तो त्यांच्या अंगावर फेकावा.

"इतकी वर्षं घरं बघितलीत," ती म्हणाली, "शेवटी बघून कुणाला दिलंत?"

"मला काय माहीत तो जाऊन..."

"तुम्हाला सगळं माहीत असतं! लादीखाली काय आहे ते माहीत, टाकीत काय आहे ते माहीत. घरात बायको काय म्हणतेय ते तेवढं माहीत नसतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!"

ती रडली. रागाने रडली आणि रडू आलं म्हणून आणखी रागावली. संध्याकाळी अनुपमाताईंचा फोन आला. त्यांचा आवाज पडलेला होता. "जया, मी तुझं नाव सांगितलं होतं गं मुलीला. पण ती म्हणाली, त्यांना घर हवं असतं तर एव्हाना आले असते. मी काय उत्तर देणार होते?"

तेरावं झालं. दुसऱ्याच सकाळी गावाहून नंदूचा फोन. त्या बिचाऱ्याला इकडचं काही कुणी कळवलंच नव्हतं. तो देवळाच्या पायरीवरूनच बोलत होता. "दादानू, उजवो दिल्यान! गुरवान गाऱ्हाणा घालून हात जोडले नाय जोडले, तवसर पाकळी खाली! असो कौल मी जन्मात बघूक नाय. घेवन टाका घर!"

फोन स्पीकरवर होता. तुळशीदास खाटेच्या कडेला बसून राहिले. जया डबा भरत होती. ती हसली, आणि ते हसणं तिचं तिलाच आवडलं नाही.

वास्तुशांतीचं आमंत्रण आलं तेव्हा जयाने सरळ नाही म्हटलं. पण देवेशची बायको निधी स्वतः घरी आली, कुंकू लावून गेली. तरणीताठी पोर, तिची काय चूक! तर गेले दोघं. घर रंगवलेलं होतं. सगळे खिळे उपटून, भोकं बुजवून भिंती गुळगुळीत केल्या होत्या. पूजा झाली, जेवणं झाली. जया स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली नाही. समोरची बाई हसली असती तर तिला सहन झालं नसतं.

निघायच्या वेळी निधी कुणी भेट दिलेलं घड्याळ घेऊन आली. "काका, हे लावायचंय. पण रंगवाला म्हणत होता, कुठेही ठोकू नका, आतून वायर गेली असेल."

"इथे नाही," तुळशीदास म्हणाले. त्यांनी चालत जाऊन भिंतीवर बोटाने टकटक केलं. "वायर ह्या बाजूने वर जाते. पाइप त्या कोपऱ्यात. हां, इथे. इथे काही नाही." देवेशने हातोडी दिली. त्यांनी खिळा धरला आणि दोन घावांत सरळ बसवला. घड्याळ लागलं. सगळे म्हणाले, वा काका!

तुळशीदास एक पाऊल मागे येऊन आपल्या कामाकडे समाधानाने बघत होते. जयाने ते बघितलं. ह्या माणसाला ह्या घराची नस न् नस माहीत होती, आणि ते दुसऱ्याचं होतं. तिला त्यांचा इतका राग आला आणि त्याच वेळी त्यांची इतकी कीव आली की ती चपला घालून आधीच जिना उतरली.

भटवाडीत परत आले तेव्हा उन्हं अजून उतरायची होती. जयाने साडीही बदलली नाही. स्टूल ओढलं, कपाटावरून तो गुंडाळलेला फोटो काढला, सोडवला. मग माळ्यावरच्या डब्यातून हातोडी आणि एक मोठा खिळा.

"काय करतेस?" तुळशीदास दारातच थांबले. "अगं, मालक..."

"मालकाला डिपॉझिटातून कापू दे."

"दोन महिन्यांत सोडायचंय आपल्याला."

"मग दोन महिने तरी लागू दे. किती वर्षं गव्हाच्या डब्याला टेकवायचं त्यांना?"

"बरं, थांब तरी, तिथून वायर गेली असेल, मला जरा बघू..."

"नाही," जया म्हणाली. "आता तुम्ही काहीही बघायचं नाही. पुढचं घर मी बघणार. एकटी. टोकन मी देणार, आणि कौल देवाकडून मी नंतर मागून घेईन, काय रागवायचं ते तो माझ्यावर रागवू दे. तुम्ही फक्त राहायला यायचं."

आणि तिने घाव घातला. पहिला बोटावर बसला. ती ओरडली नाही. दुसऱ्याने पापुद्रे उडाले, तिसऱ्याने खिळा आत गेला, वाकडातिकडा, पण घट्ट. वायरबियर काही नव्हती. तिने फोटो लावला. सासरे गिरणीच्या काळातला काळा कोट घालून भिंतीवरून दोघांकडे बघू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते उभे राहिले होते, कशालाही न टेकता.

तुळशीदास बराच वेळ वडिलांकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते, पण नजर ती नजरच.

"जरा डावीकडे झुकलाय," ते हळूच म्हणाले.

जया दुखरं बोट तोंडात घालून स्टुलावरून खाली उतरली.

"झुकू दे," ती म्हणाली.